जनरेटर केवढा घ्यायचा? आधी पंप बघा, मग बेरीज करा

३ जून २०२० ला निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर धडकलं. श्रीवर्धन, मुरूड, म्हसळा, मंडणगड, दापोली या पट्ट्यात विजेचे खांब ओळीने आडवे झाले आणि कित्येक वाड्यांत लाइट यायला आठवडे लागले. विहिरी भरलेल्या होत्या, पण पाणी टाकीत चढवायला वीज नव्हती. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते आलं. अशा ठिकाणी घरात एक छोटा जनरेटर असावा असं वाटणं अगदी साहजिक आहे. तो आणल्यावर मात्र बऱ्याच घरांतून एकच तक्रार ऐकू येते: दिवे लागतात, पंखे फिरतात, टीव्ही चालतो, पण पंप लावला की जनरेटर दबतो.

मशीन खराब असतं असं नाही. बहुतेक वेळा चूक खरेदीच्या आधीच्या हिशेबात असते. घरातल्या सगळ्या वस्तूंचे वॅट कागदावर लिहून बेरीज केली जाते आणि त्या बेरजेएवढा जनरेटर घेतला जातो. पण जनरेटर केवढा हवा हे ठरतं घरातल्या सगळ्यात मोठ्या मोटरवरून, आणि ती मोटर सुरू होते त्या क्षणी बाकी काय काय चालू आहे त्यावरून. एवढं नीट समजलं तर कमी पैशांत काम भागतं. नाही समजलं तर दुप्पट पैसे घालूनही पंप जागचा हलेल याची खात्री नाही.

सुरू होतानाचा झटका

जातं फिरवणाऱ्याला माहीत असतं, पहिला वेढा सगळ्यात जड. एकदा गती आली की हात हलका होतो. पंपाच्या मोटरचं तसंच आहे. फिरणारी मोटर स्वतःच्या फिरण्यातून एक उलटा दाब तयार करते आणि त्यामुळे तिच्यातून जाणारा करंट आटोक्यात राहतो. थांबलेल्या मोटरमध्ये हा उलटा दाब नसतो. स्विच दाबल्यापासून ती वेग घेईपर्यंत, म्हणजे अर्धा ते दीड-दोन सेकंद, ती नेहमीच्या चार-पाच पट करंट ओढते. महावितरणच्या लाइनवर हे कळतही नाही, फार तर बल्ब क्षणभर मंद होतो. जनरेटरवर मात्र हाच क्षण परीक्षेचा असतो.

जनरेटर कमी पडला तर पुढे काय होतं ते बघा. करंट वाढताच व्होल्टेज बसतं. मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो, म्हणजे २३० चे १८० व्होल्ट झाले तर जोर साधारण ६० टक्क्यांवर येतो. जोर कमी पडला की मोटर वेग घेत नाही, वेग घेत नाही म्हणून करंट उतरत नाही, आणि करंट उतरत नाही म्हणून व्होल्टेज सावरत नाही. जनरेटर घोगरा होतो आणि पंप जागेवर नुसता ‘हूं’ करत राहतो. हा आवाज दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त ऐकू आला तर लगेच स्विच बंद करा. ‘सुटेल आता’ म्हणून वाट बघू नका. त्या अवस्थेत मोटरचं वाइंडिंग, म्हणजे आतल्या तारांचे वेढे, झपाट्याने तापतं आणि मोटरला सुरू व्हायला मदत करणारा कपॅसिटरही जातो.

हिशेबासाठी नियम सोपा आहे: पंप चालू असताना जेवढे वॅट घेतो, त्याच्या तिप्पट सुरू होण्यासाठी धरा. जनरेटरवर व्होल्टेज थोडं बसतं, त्यामुळे करंटही थोडा कमी होतो, म्हणून चार-पाच पटींऐवजी तिप्पट चालतं. त्याहून कमी मात्र धरू नका. पंप जुना असेल, बेअरिंग घट्ट झालेलं असेल किंवा कपॅसिटर अशक्त झाला असेल तर तिप्पटही पुरत नाही. म्हणून जनरेटर मोठा घेण्याआधी पंपाचा कपॅसिटर तपासून घ्या. काही शे रुपयांच्या सुट्या भागासाठी काही हजारांचं मशीन बदलण्यात अर्थ नाही.

फ्रिजचा कॉम्प्रेसर आकाराने लहान असला तरी त्याचाही झटका मोठा असतो. १९०-२०० लिटरचा साधा एकदारी फ्रिज चालताना १००-१५० वॅट घेतो, सुरू होताना क्षणभर ७०० च्या आसपास जातो. त्यात एक खोच आहे. कॉम्प्रेसर बंद पडल्यावर आतल्या गॅसचा दाब दोन्ही बाजूंना सारखा व्हायला चार-पाच मिनिटं लागतात. त्याआधी वीज दिली तर कॉम्प्रेसर दाबाविरुद्ध अडकतो, मागून ‘टक्’ असा आवाज येतो आणि फ्रिज गप्प होतो. थोड्या वेळाने पुन्हा ‘टक्’. हा ओव्हरलोड रिले आहे, तो कॉम्प्रेसरला जळण्यापासून वाचवतो. जनरेटर दोन मिनिटांसाठी बंद करून परत लावला तर हेच होतं. म्हणून फ्रिजचा प्लग काढून ठेवा आणि पाच मिनिटांनी लावा. इन्व्हर्टर कॉम्प्रेसरचे फ्रिज हळूहळू वेग घेतात, त्यांना हा झटका जवळपास नसतोच.

मिक्सरची मोटर वेगळ्या जातीची असते. तिचा झटका छोटा असतो आणि लगेच ओसरतो. पाटीवर ७५० वॅट लिहिलं असलं तरी चटणी वाटताना ती सहसा त्याहून कमी घेते. हिशेबात ७५० धरलेत तर पुरेसं आहे.

इस्त्री, गीझर, इंडक्शन शेगडी, किटली यांना झटका नाही, पण भूक प्रचंड. इस्त्री १००० वॅट, साठवणीचा गीझर २०००, इन्स्टंट गीझर ३०००. ही यादीच जनरेटरच्या हिशेबातून काढून टाका. छोट्या जनरेटरमध्ये एक लिटर पेट्रोलमागे फार तर दीड युनिट वीज मिळते. पेट्रोल लिटरला शंभरावर असताना एका युनिटला ७० रुपये मोजून अंघोळीचं पाणी तापवायचं नसतं. ते काम गॅसवर किंवा चुलीवर करा.

पाटीवरचा आकडा आणि मीटरवरचा लाल दिवा

पंपाच्या पाटीवर १ एचपी किंवा ०.७५ किलोवॅट लिहिलेलं असतं. हा मोटरच्या दांड्यावर मिळणारा जोर झाला. वायरीतून ती त्याहून जास्त घेते, कारण काही वीज उष्णतेत जाते. घरगुती १ एचपी पंप प्रत्यक्षात १०००-१२०० वॅट ओढतो आणि अर्धा एचपीचा ६०० च्या आसपास. ‘एक एचपी म्हणजे ७५० वॅट’ असं धरून घेतलेला जनरेटर इथेच पहिल्यांदा फसतो.

बाकीच्या वस्तूंचे आकडे ठोकळमानाने असे: साधा छताचा पंखा ७५ वॅट, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा ३०, एलईडी बल्ब ९, एलईडी ट्यूब २०, ३२ इंची टीव्ही ५०-६०, राउटर १०, पाण्याचं आरओ यंत्र ५० च्या आसपास, वरून कपडे टाकायचं वॉशिंग मशीन ४००-५००. समोरून दार असलेल्या वॉशिंग मशीनमध्ये पाणी तापवायचा हीटर असतो. तो लागला की आकडा २००० वर जातो, म्हणून ते थंड पाण्याच्या प्रोग्रामवरच चालवा. मायक्रोवेव्हवर लिहिलेले ८०० वॅट हे अन्नाला मिळणारे असतात, भिंतीतून तो १२०० वॅट घेतो.

तुमच्याच वस्तूचा खरा आकडा हवा असेल तर विकत काहीच आणायला नको. महावितरणच्या मीटरवर एक छोटा लाल दिवा लुकलुकत असतो आणि शेजारी त्याचं प्रमाण छापलेलं असतं, उदाहरणार्थ एका युनिटला ३२०० लुकलुक. घरातलं सगळं बंद करा, इन्व्हर्टरचंही. मग फक्त फ्रिज लावा, त्याचा कॉम्प्रेसर चालू आहे याची कानाने खात्री करा आणि एका मिनिटात दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजा. सहा वेळा लुकलुकला तर तासाला ३६०. त्याला ३२०० ने भागलं की ०.११२ किलोवॅट, म्हणजे ११२ वॅट. पंपासाठी हीच मोजणी केली आणि मिनिटाला साठच्या आसपास आकडा आला, तर पंप ११०० वॅट घेतोय. तुमच्या मीटरवर ३२०० ऐवजी जे छापलं असेल तोच आकडा वापरा. सुरुवातीचा झटका मात्र या मोजणीत सापडत नाही, त्याला तिपटीचाच नियम.

एकच घर, तीन वेगवेगळे पंप

आता प्रत्यक्ष हिशेब करू. दिवे ८० वॅट, तीन साधे पंखे २२५, फ्रिज १२०, टीव्ही ६०, राउटर आणि फोनचे चार्जर ४०, घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी चार्ज होण्यासाठी २८०. हे झाले ८०५ वॅट. वर मिक्सर ७५० आणि १ एचपी पंप ११००. एकूण २६५५. दुकानात हा कागद दाखवला की ‘तीन केव्हीए घ्या, निवांत चालेल’ असं उत्तर मिळतं. (केव्हीए हे जनरेटरच्या क्षमतेचं माप; किलोवॅटशी त्याचं नातं पुढे येईलच.)

चालताना निवांत चालेल हे खरं. पण ८०५ वॅट आधीच चालू आहेत आणि त्यावर कोणी पंप लावला, तर त्या क्षणाला ३३०० अधिक ८०५, म्हणजे ४१०० वॅटची मागणी येते. तीन केव्हीएचं मशीन तिथे दबणार. ही मागणी बिनदिक्कत पेलायला पाच केव्हीएचं मशीन लागेल.

आता क्रम बदला. जनरेटर लावल्यावर मशीन दोन-तीन मिनिटं तापू द्या. घरातलं बाकी सगळं बंद ठेवून आधी एकटा पंप लावा. मागणी ३३०० वर जाऊन दोन सेकंदांत ११०० वर उतरते. त्यानंतर दिवे, पंखे, मग इन्व्हर्टर. फ्रिज शेवटी लावा. त्या वेळी पंप ११००, बाकी ६८५ आणि फ्रिजचा झटका ७०० मिळून २४८५ होतात, आणि सगळं स्थिरावल्यावर १९०५. मिक्सर पंप बंद झाल्यावर लावायचा. याला साडेतीन केव्हीएचं मशीन पुरतं. क्रम पाळल्यामुळे मशीनचा एक मोठा टप्पा वाचला, आणि वजन, आवाज, पेट्रोल यांतही बचत झाली.

त्याच घरात पंप अर्धा एचपीचा असेल तर झटका १८०० वर येतो आणि क्रम पाळून दोन-सव्वादोन केव्हीएत सगळं भागतं. आणि पंपच नसेल, नळाचं पाणी दाबाने वर चढत असेल, तर सगळ्यात जड क्षण म्हणजे मिक्सर लावल्याचा, साधारण १५५० वॅट. तिथे दोन केव्हीए चिकार झालं, आणि मिक्सर चालवताना इन्व्हर्टरचं चार्जिंग बंद ठेवलंत तर आणखी मोकळीक मिळते.

म्हणून आधी पंपाकडे बघायला हवं. विहीर आठ-दहा मीटर खोल आणि टाकी एका मजल्यावर, अशा कितीतरी घरांत अर्धा एचपीचा पंप पुरत असतो, पण सवयीने १ एचपीचा बसवलेला असतो. अशा वेळी पंप बदलण्याचा खर्च हा दोन जनरेटरांच्या किमतीतल्या फरकापेक्षा कमी येऊ शकतो. ओळखीच्या प्लंबरला खोली आणि उंची सांगून विचारा.

पंप थोडक्यात अडकत असेल तर आणखी एक उपाय आहे. घरगुती मोनोब्लॉक पंप (मोटर आणि पंप एकाच सांगाड्यात असलेला) जितकं जास्त पाणी ढकलतो तितका त्याच्यावर भार जास्त. सुरू करताना डिलिव्हरीच्या पाइपवरचा व्हॉल्व्ह पाऊण बंद ठेवा, मोटरने पूर्ण वेग घेतला की सावकाश उघडा. पहिला झटका याने कमी होत नाही, पण वेग घेण्याच्या शेवटच्या टप्प्यातला भार उतरतो आणि जिथे थोडक्यात अडत होतं तिथे पंप सुटतो. व्हॉल्व्ह बंद ठेवून पंप मिनिटापेक्षा जास्त चालवू नका, आतलं पाणी तापतं.

एसीचं थोडक्यात सांगतो. दीड टनाचा इन्व्हर्टर एसी पूर्ण भारावर १५००-१७०० वॅट घेतो आणि सावकाश सुरू होतो, त्यामुळे तीन केव्हीएवर चालतो. त्याच क्षमतेच्या जुन्या साध्या एसीला पाच केव्हीएच्या खाली हात लावू नका.

खोक्यावर काय लिहितात

खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेला आकडा सहसा कमाल क्षमतेचा असतो, म्हणजे मशीन थोडा वेळ जेवढं देऊ शकतं तेवढा. तासन् तास देता येतो तो आकडा माहितीपत्रकात ‘रेटेड’ म्हणून लहान अक्षरात असतो आणि तो पाच-दहा टक्क्यांनी कमी असतो. हिशेब याच आकड्यावर करा आणि सलग चालवताना त्याच्याही ७५-८० टक्क्यांच्या आत राहा.

केव्हीए आणि किलोवॅट या दोन आकड्यांचा घोळ पंपामुळे होतो. पंपाच्या पाटीवर ६ अँपिअर असेल तर २३० ने गुणून १३८० होतात, पण खरी वीज ११०० वॅटच लागते. इंजिनाला वॅटचा भार जाणवतो, अल्टरनेटरच्या, म्हणजे वीज तयार करणाऱ्या भागाच्या, तारा मात्र अँपिअरने तापतात. म्हणून मशीनवर केव्हीए लिहिलं असेल तर दुकानदाराला किलोवॅटही विचारा. पंपासारख्या वस्तूंचा भार केव्हीएच्या ८० टक्के धरलेला बरा.

जागेचाही परिणाम होतो. हवा विरळ झाली की इंजिनाची ताकद घटते, दर ३०० मीटरला साधारण साडेतीन टक्के. दापोली-अलिबागला याचा विचार करायला नको. पुण्यात सहा-सात टक्के जातात. महाबळेश्वरला, १३५० मीटरवर, जवळजवळ १५ टक्के. तिथे साडेतीनचं मशीन म्हणजे तीनचं समजा. चंद्रपूर-नागपूरच्या ४५ अंशांतल्या दुपारी चार-पाच टक्क्यांची घट धरा. पेट्रोलचं मशीन गॅसवर चालवलं तर आणखी १० टक्के.

मग सरळ मोठाच का घेऊ नये?

पैशांचा प्रश्न नसेल तरी घेऊ नये. साध्या जनरेटरचं इंजिन भार असो वा नसो, मिनिटाला ३००० फेऱ्यांनीच फिरतं, कारण ५० हर्ट्झ वीज त्या वेगालाच तयार होते. त्यामुळे दोन पंखे आणि एका दिव्यासाठी रात्रभर चालवलेलं पाच केव्हीएचं मशीन तासाला जवळपास लिटरभर पेट्रोल जाळतं. कमी भारावर इंजिन पुरतं तापत नाही, काजळी साचते, प्लग काळा पडतो. डिझेलच्या मशीनमध्ये हा त्रास जास्त, अर्धवट जळलेलं डिझेल एक्झॉस्टमध्ये चिकट होऊन बसतं.

रात्रीचं काम बॅटरीचं आहे. घरी १५० एएचची एक बॅटरी आणि इन्व्हर्टर असेल तर त्यातून हजार-अकराशे वॅट-तास वापरता येतात. दोन साधे पंखे आणि दोन दिवे म्हणजे १७० वॅट, सहा तास चालतात. पंखे बीएलडीसी असतील तर ८० वॅट, सकाळ होईपर्यंत चालतात. जनरेटर सकाळी अडीच तास आणि संध्याकाळी अडीच तास लावा. तेवढ्यात टाकी भरते (हजार लिटरला विहिरीच्या खोलीनुसार साधारण वीस मिनिटं ते अर्धा तास), फ्रिज पुरता गार होतो, वाटण-घाटण उरकतं आणि बॅटरीत रात्रीपुरतं चार्जिंग जमा होतं. बाकीच्या वेळी फ्रिजचं दार उघडू नका. भरलेला फ्रिज चार तास सहज तग धरतो.

साडेतीन केव्हीएच्या मशीनला या वेळापत्रकात दिवसाला चारेक लिटर पेट्रोल लागतं, आठवड्याला अठ्ठावीस. हा आकडा महत्त्वाचा आहे. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्याप्रमाणे विक्रीसाठी नसलेलं पेट्रोल परवान्याशिवाय ३० लिटरपर्यंतच जवळ ठेवता येतं. शिवाय वादळानंतर लाइट नसेल तर पेट्रोल पंपाची यंत्रंही बंद असतात. म्हणजे मोठं मशीन घेऊन रोज दहा लिटर जाळणाऱ्याची सोय तीन दिवसांत संपते, आणि बेताचं मशीन घेणाऱ्याची आठवडाभर पुरते. पेट्रोल धातूच्या डब्यात, घराबाहेर, सावलीत ठेवा.

साधा की इन्व्हर्टर जनरेटर

इन्व्हर्टर जनरेटर भारानुसार इंजिनाचा वेग कमी-जास्त करतो. आवाज कमी, पेट्रोल कमी, वीज अगदी स्वच्छ. टीव्ही, लॅपटॉप, घरी कोणाला ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लागत असेल तर (पाच लिटरच्या यंत्राला ३००-४०० वॅट) हाच घ्यावा. पण त्याच्यातले इलेक्ट्रॉनिक भाग ठरावीक मर्यादेपलीकडे क्षणभरही ताणत नाहीत. पंपाचा झटका आला की तो तत्काळ वीज तोडतो. पंपासाठी त्याच पैशांत एव्हीआर (व्होल्टेज आपोआप सावरणारा भाग) असलेला साधा जनरेटर जास्त कामाचा, कारण त्याच्या फिरत्या भागांची गती एखाद-दोन सेकंदांचा धक्का पचवते. दोन्ही गरजा असतील तर आमचं मत साध्या मशीनच्या बाजूने आहे, नाजूक वस्तू इन्व्हर्टर-बॅटरीवर ठेवाव्यात.

साध्या जनरेटरवर घरचा इन्व्हर्टर चार्जिंगच घेत नाही अशी तक्रार पुष्कळदा येते. बऱ्याच इन्व्हर्टरांवर एक छोटं बटण असतं, एका बाजूला यूपीएस आणि दुसऱ्या बाजूला नॉर्मल किंवा इको. यूपीएस मोडमध्ये तो थोडंही वेडंवाकडं व्होल्टेज नाकारतो. बटण दुसऱ्या बाजूला केलं की बहुतेक वेळा चार्जिंग सुरू होतं.

वायर, स्विच, धूर

मशीन बरोबर घेतलं आणि वायर बारीक वापरली तरी पंप सुटत नाही. विहीर ४० मीटरवर असेल आणि तांब्याची १.५ चौरस मिलिमीटरची वायर टाकली असेल, तर सुरू होतानाच्या २० अँपिअरला वायरीतच १९ व्होल्ट जातात. २.५ ची टाकली तर १२, ४ ची टाकली तर ७. पंपाला किमान २.५ आणि अंतर जास्त असेल तर ४ ची वायर टाका. एक्स्टेन्शनचं रीळ पूर्ण उलगडूनच वापरा, गुंडाळलेली वायर तापून वितळते.

जनरेटरची वीज दोन्ही टोकांना पिना असलेल्या वायरने भिंतीच्या सॉकेटमध्ये कधीही सोडू नका. ती मीटरमधून बाहेर लाइनवर जाते, ट्रान्सफॉर्मरमधून उलटी चढून हजारो व्होल्टची होते, आणि वादळानंतर तारा जोडायला खांबावर चढलेला वायरमन तुमच्याच मदतीसाठी चढलेला असताना जीव गमावतो. वायरीच्या मोकळ्या पिनाही जिवंत असतात. परवानाधारक वायरमनकडून ३२ अँपिअरचा दोन पोलचा चेंजओव्हर स्विच बसवून घ्या. तो फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडतो, आणि एका वेळी एकच बाजू जोडली जाते. सोबत अर्थिंगही तपासायला सांगा. कोकणातली जांभ्याची जमीन कोरडी असताना वीज नीट धरत नाही, अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालावं लागतं. छोट्या जनरेटरचा न्यूट्रल बहुधा जमिनीशी जोडलेला नसतो, अशा वेळी घरातला ईएलसीबी, म्हणजे शॉक बसताच वीज तोडणारा स्विच, शॉक बसला तरी पडेलच असं नाही. तो जोड कुठे आणि कसा द्यायचा हे वायरमनने जागेवर बघून ठरवावं.

पाऊस आहे म्हणून जनरेटर पडवीत, गोठ्यात किंवा मागल्या दाराशी ओढू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. डोकं जड होतं, मळमळतं, झोप येते आणि माणूस उठत नाही. दारं-खिडक्यांपासून २० फूट लांब, धुराचं तोंड घराच्या उलट दिशेला, वर चारी बाजूंनी उघडं पत्र्याचं छप्पर. पेट्रोल भरताना मशीन बंद करून दहा-पंधरा मिनिटं थांबा.

दुकानात आणि मे महिन्यात

घेताना मशीन नुसतं सुरू करून दाखवणं म्हणजे चाचणी नव्हे. सोबत मल्टिमीटर न्या. काही न जोडता २३० च्या आसपास व्होल्टेज दिसलं पाहिजे. मग दुकानातली इस्त्री आणि हॅलोजन असं मिळून रेटेड आकड्याच्या ८० टक्क्यांपर्यंत भार टाका. व्होल्टेज २१० च्या खाली गेलं किंवा इंजिन वर-खाली होत राहिलं तर ते मशीन नको. जमलं तर घरी पंपावर लावून बघण्याच्या बोलीवर घ्या. पंप सुटताना काटा क्षणभर १८०-१९० वर जाऊन दोन सेकंदांत वर यावा. तिथेच रेंगाळला तर आकार कमी पडतोय.

नव्या इंजिनाचं ऑइल पहिल्या २० तासांनी बदला, त्यानंतर साधारण दर १०० तासांनी, आणि पातळी दर वेळी सुरू करण्याआधी बघा. पावसाळा संपल्यावर टाकी आणि कार्बोरेटर दोन्ही रिकामे करा. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल २० टक्क्यांपर्यंत असतं, ते किनाऱ्यावरच्या दमट हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि साचलेल्या पेट्रोलचा चिकट थर कार्बोरेटरच्या बारीक छिद्रात बसतो. ऐन वादळात दोरी ओढून ओढून हात दुखतात ते यामुळेच. मे महिन्यात ताजं पेट्रोल घालून मशीन पंपावर पंधरा मिनिटं चालवा, आणि चेंजओव्हर स्विचशेजारी क्रमाचा कागद चिकटवा: पंप, दिवे-पंखे, इन्व्हर्टर, पाच मिनिटांनी फ्रिज, पंप बंद केल्यावर मिक्सर. घरात त्या दिवशी जो कोणी असेल त्याला तो वाचता आला पाहिजे, म्हणून मोठ्या अक्षरात लिहा.